वायपर लावला की एसी लागतो

८ एप्रिल २०१६, शुक्रवार. गुढीपाडवा.

नवीन वर्ष, नवीन डायरी, नवीन गाडी. गाडी नवीन म्हणजे आमच्याकडे नवीन. हैदराबादहून आणली, सेकंड हँड. पण सांगितल्याशिवाय कळत नाही. पांढरी. एसी आहे.

गुढीला साखरेची गाठी घातली, गाडीलाही घातली. दुपारपर्यंत बॉनेटवर मुंग्यांची रांग. इंदूनं झाडूनं झटकल्या. सणाच्या दिवशी गाडीला झाडू! पण यंदाचा संकल्प आहे, बायकोवर चिडायचं नाही. चिडलो नाही. फक्त बोललो.

गल्लीत चौकशा सुरू. रिटायर माणसाला उदगीरात गाडी कशाला, मोंढा इथं, दवाखाना तिथं. लोकांना दूरदृष्टीच नाही. उदगीर जिल्हा होऊन राहिलाय. एक मेला जाहीर होणार, असं आमच्या कृती समितीत पक्कं कळलंय. (मी प्रसिद्धीप्रमुख.) लातूरसुद्धा एके काळी तालुकाच होतं. जिल्हा झाला की कलेक्टरला भेटायला जावं लागणार. तिथं स्कूटरवर, घामानं थबथबून गेलेलं शोभत नाही.

आणि मृदुलाला आणायचंय. हे खरं कारण.

पोरीचं सासर नांदेड. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच असतं. पण व्याही माधवराव हट्टी. रिटायर हेडमास्तर, अजून वर्गात उभे असल्यागत बोलतात. फोनवर म्हणाले, ऊन बेचाळीसच्या वर गेलंय, तुमच्याकडं प्यायला पाणी न्हाई, असल्या दिवसांत दोन जिवांची बाई एसटीत बसवून धाडायची म्हणजे चेष्टा हाय का? एसी गाडी असली तर न्या, न्हाई तर बाळंतपण नांदेडलाच होईल. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी सांगून टाकलं, एसी गाडी आहे. तेव्हा नव्हती. आता आहे.

इंदूनं माळ्यावरून पाळणा काढला. पुसत बसली. कोरड्या फडक्यानं, कारण नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं.

१० एप्रिल, रविवार.

ट्रायल. देवणीपर्यंत जाऊन आलो. इंदू शेजारी. एसी असा गार की तिनं कानावरून पदर घेतला. वाटेत चारा छावणीतली जनावरं धापा टाकत उभी होती. जीव कळवळला. काच खाली करून बघणार होतो, पण गारवा जातो.

घरी आल्यावर गाडीखाली थेंब थेंब पाणी. शेजारच्या पंचशीलाबाई सूर्यवंशींनी आधी पाहिलं. त्या तहसीलमध्ये आहेत. टँकर कधी येणार ते त्यांना आधी कळतं, म्हणून अख्खी गल्ली त्यांना मान देते. त्यांनी काही न बोलता गाडीखाली पातेलं सरकवलं. मग म्हणाल्या, काका, तुमच्या गाडीला नळ आला, गल्लीला कवा येतो?

मी समजावलं. हे एसीचं पाणी. हवेतला ओलावा गार होऊन गळतो, बिघाड नव्हे. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं. म्हणजे देवणीपासून इथपर्यंत मी रस्त्यावर पाणी सांडत आलो! लातूरला रेल्वेनं पाणी आणायचं चाललंय आणि मी डांबरावर सडा टाकून राहिलोय. हे थांबवलं पाहिजे.

१२ एप्रिल, मंगळवार.

थांबवलं. मेडिकलमधून सलाईनची नळी आणली. गाडीखाली उताणा पडून एसीच्या पाण्याच्या तोटीला बसवली, तळाच्या भोकातून आत घेतली, मागच्या सीटवर कॅन ठेवून त्यात सोडली. कॅनला सीटबेल्ट लावला. आता एक थेंब वाया जाणार नाही.

इंदूनं विचारलं, पाणी तळातून सीटवर कसं चढंल? मी म्हणालो, अख्खी नोकरी वीज खात्यात काढली, मला प्रेशर शिकवू नको. लाईट खांबावर चढतेच ना? ती म्हणाली, तुम्ही बिलाच्या टेबलावर होता. हे तिचं नेहमीचं आहे. बिल म्हणजे विजेचं शेवटचं टोक. ज्याला शेवटचं टोक कळलं, त्याला मधली वायर कळतेच.

गप्प झाली. पटलं असणार.

टीव्हीवर लातूरला आलेली पाण्याची रेल्वे दाखवली. आपणही आपल्या परीनं काही करून राहिलोय, याचं समाधान वाटलं.

१५ एप्रिल, शुक्रवार.

काल जयंतीची मिरवणूक. गाडीसकट मधोमध अडकलो. अडकलो म्हणजे मानानं थांबलो. एसी लावून निवांत बसलो होतो. पंचशीलाबाई निळा फेटा बांधून लेझीमच्या पुढं. काचेवर टकटक करून त्यांनी विचारलं, काका, पाणी हाय का, पोरी दमल्यात. मी ऐटीत मागं वळून कॅन पाहिला. कोरडा ठाक. इतका वेळ एसी चालू आणि थेंब नाही. एसीलाही दुष्काळ!

तेवढ्यात एसीचा पंखाच बंद पडला. आत भट्टी. काचा खाली केल्या तर नीळ आत. पांढरा शर्ट कामातून गेला. पोरी खूप हसल्या.

घरी येऊन पाहतो तर पुढच्या सीटखालची चटई चिंब. इंदूच्या बाटलीतून सांडलेलं. पाण्याचं मोल यावर तिला दोन शब्द सुनावले. तिनं बाटली आणून दाखवली, झाकण घट्ट. सांडून झाल्यावर लावलं असेल.

संकल्प मोडलेला नाही. ते चिडणं नव्हतं, प्रबोधन होतं.

१६ एप्रिल, शनिवार.

निदान सुरू. मल्टिमीटर आणला. बॅटरीला लावला, बारा दाखवले. बाराची बॅटरी बारा दाखवते. मीटर चांगला आहे.

सदर पंख्याचा फ्यूज उडालेला निदर्शनास आला. एवढंच! नवा घातला. फट्. दुसरा घातला. फट्. कंपन्या मुद्दाम हलके फ्यूज देतात, म्हणजे लोक सारखे विकत घेतील. आपल्याकडं प्रत्येक घरात फ्यूजला जाड तार घालतात आणि घरं उभी आहेत. जाड तांब्याची तार घातली. पंखा चालू!

अशी तार घालू नका म्हणून आमच्या खात्यानं पत्रकं काढली होती. मीच वाटायचो. पण ती ग्राहकांसाठी होती.

१८ एप्रिल, सोमवार.

धूर. थोडाच. वासही थोडाच, पण इंदूला स्वयंपाकघरात आला. ती तव्यावरची पोळी बघत बसली. पोळी ठीक होती.

पंखा बंद. एसी बंद. मी शांत.

नांदेड रोडच्या गॅरेजवर बसवंतकडं गेलो. दुरुस्तीला नाही, फक्त मत घ्यायला. बसवंत खाटेवर आडवा होता. आडव्यानंच म्हणाला, सर, गॅस गेलाय. बॉनेट न उघडता! मागं माझी स्कूटर बंद पडली तेव्हाही तो गॅस गेलाय म्हणाला होता. माणसाला एवढा फाजील आत्मविश्वास बरा नव्हे. मी स्वतः बॉनेट उघडलं आणि कॉम्प्रेसरवर बोट ठेवून त्याला सगळी सिस्टीम समजावून सांगितली. तो म्हणाला, ते अल्टरनेटर हाय. असेल. तो तरी कुठं उठून बघायला आला होता?

२१ एप्रिल, गुरुवार.

माधवरावांचा फोन. सूनबाईला आठवा लागायच्या आत न्या, आठव्यात आमच्याकडं हलवत न्हाईत. एक मे, रविवार, शेवटचा दिवस. त्यानंतर मग तिथंच. आणि गाडीचा एसी चांगला हाय ना, म्हणून परत विचारलं. मी म्हणालो, कालच सर्व्हिसिंग केलं.

एक मे! त्याच दिवशी उदगीर जिल्हा होणार. म्हणजे तालुक्याचा बाप लेकीला आणायला निघणार आणि जिल्ह्याचा बाप होऊन परतणार. योग जुळायचा तो असा जुळतो.

इंदूला सांगितलं. ती म्हणाली, एसी? मी म्हणालो, हातात आहे. ती दुपटी शिवत होती. जुन्या मऊ नऊवारीचे चौकोन कापून, कडेला टीप. सुई थांबवून माझ्याकडं बघितलं आणि परत शिवायला लागली.

२२ एप्रिल, शुक्रवार.

आज नळ आला. अख्खी गल्ली बादल्या, हंडे, डबे घेऊन बाहेर. इंदूला भांडी कमी पडली म्हणून ती गाडीतला कॅन काढायला गेली. तिनं कॅन नळीसकट ओढला, खाली जमिनीवर ठेवला, आणि काय सांगू! नळीतून धोधो पाणी. कॅन अर्धा भरला! दहा दिवसांनी का होईना, प्रयोग यशस्वी. मी पंचशीलाबाईंना हाक मारून दाखवलं.

त्या हातातला हंडा खाली ठेवून म्हणाल्या, काका, मग इतके दिवस हे पाणी होतं कुठं? मी म्हणालो, सिस्टीममध्ये. त्या म्हणाल्या, सिस्टीममध्ये म्हणजे पंख्याच्या डब्यात का? मी म्हणालो, काही प्रमाणात. इंदू म्हणाली, म्हंजे माझी बाटली न्हवती.

 नळाला पाणी असताना वाद घालणं बरोबर नाही.

सलाईनची नळी मी स्वतःच्या निर्णयानं काढून टाकली. ते वास मारणारं पाणी इंदूनं तुळशीलाही घातलं नाही.

२४ एप्रिल, रविवार.

आता खरं काम. पंख्याचा डबा उन्हात वाळवला. जळलेली वायर बदलली. पंखा सुरू झाला! फक्त गरम हवा. गारवा नाही. कारण एसी लावल्यावर कॉम्प्रेसर टक् असा आवाज करून फिरायला लागतो, तो टक् येत नाही. म्हणजे त्याला करंट पोचत नाही.

बॅटरीतून सरळ एक वायर नेली आणि कॉम्प्रेसरला लावली. टक्! मिनिटभरात गार. गॅस शाबूत. बसवंतचा सिद्धांत निकालात. आनंदानं ओरडलो. गल्लीतल्या एका कुत्र्यानं उत्तर दिलं.

पण वायर बॅटरीला कायमची बांधून कशी ठेवायची? गाडी बंद असताना बॅटरी संपेल. आतून बटण दाबलं की करंट आणि सोडलं की बंद, अशी एक लाईन पाहिजे. जुनी लाईन कुठं तुटलीय ते शोधायला अख्खा डॅशबोर्ड उघडावा लागेल. त्यापेक्षा कामाची नसलेली एखादी लाईन घ्यावी. हेडलाईट नको. हॉर्न तर नकोच, आपल्याकडं हॉर्नशिवाय गाडी हलत नाही.

जेवताना सुचलं. ताटावरून उठलो. सध्या उदगीरात कुठल्या बटणाचा काडीचा उपयोग नाही?

वायपर!

२६ एप्रिल, मंगळवार.

झालं. वायपरचं बटण फिरवलं की वायपर आणि एसी दोन्ही चालू. वायपर तोडता आला असता, पण कंपनीचं वायरिंग बिघडवू नये.

इंदूला बसवून मोंढ्यापर्यंत फेरी मारली. आत काश्मीर. काचेवर कोरडा वायपर किर्र किर्र करतोय, पण त्याची सवय होते. चौबाऱ्याच्या चौकात लोक थांबून आधी गाडीकडं आणि मग आभाळाकडं बघायला लागले. आभाळ कोरडं, पांढरं, फटफटीत.

मोंढ्यात घोटाळा झाला. आडत दुकानवाले बसलिंगप्पा गल्ल्यावर पेंगत होते. त्यांनी डोळे उघडले तर समोर वायपर चालू असलेली गाडी. धडपडून उठले आणि हमालांवर ओरडले, ताडपत्री आणा, तूर भिजंल! हमालांनी आरडाओरडा करत तुरीची पोती झाकली. शेजारच्या आडतीनं पण झाकली. बघता बघता अर्धा मोंढा झाकला गेला. मग कुणीतरी वर बघितलं.

बसलिंगप्पा गाडीपाशी आले. कानडी हेलात म्हणाले, एनप्पा, काय हो सर, तीन साल झालं आम्ही वाट बघायलोत, अशी चेष्टा करताव का? मी काच अर्धी खाली करून त्यांना आतला गारवा दाखवला. त्यांनी तोंड आत घातलं आणि डोळे मिटून तसेच राहिले. जायला तयार नाहीत. इंदूनं शेवटी त्यांना हातातली बाटली दिली.

इंदू घरी येईपर्यंत पदर तोंडाला लावून हसत होती. फार दिवसांनी अशी हसली. एसीचा हाही एक फायदा.

२८ एप्रिल, गुरुवार.

एक अडचण. उन्हानं आणि कोरड्या घासण्यानं वायपरचं रबर गेलं. काचेवर दोन अर्धगोल चरे. पाणी मारून वायपर चालवावा तर काचेवर पाणी उडवायचे हे दिवस नाहीत. मऊ कापड बांधलं तर? घरात शोधलं. कपाटात मऊसूत सुती चौकोनांची चळत सापडली. मापाचेच. दोन घेतले. सुतळीनं बांधले. छान चालतात, आवाज नाही.

नंतर.

इंदू बाहेर आली. गाडीकडं बघितलं. वायपरवरून एक दुपटं सोडलं, दुसरं सोडलं. काळं झालं होतं, ग्रीस लागलं होतं. ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. मी म्हणालो, परत शिवता येतील. ती म्हणाली, मला एसी नको, मला माझी पोरगी पाहिजे. मी म्हणालो, त्याचसाठी तर चाललंय सगळं. ती म्हणाली, सगळं तुमचं चाललंय, तिचं काय चाललंय तुम्हाला ठाव हाय का? रोज फोनवर विचारते, आई, मला कधी नेतीस.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. दुपटी साबण लावून घासली. आजचं माझ्या आंघोळीचं पाणी त्यात गेलं. डाग थोडे राहिले.

३० एप्रिल, शनिवार.

पूर्ण तयारी. वायपरला नवीन रबर. डिझेल फुल. उद्या सकाळी समितीचं झेंडावंदन, जिल्ह्याची घोषणा, पेढे, आणि बरोबर दुपारी नांदेडकडं कूच. दुपारीच. एसीचा कस भर उन्हातच लागतो. सकाळच्या थंड वेळेला एसी लावून गेलो तर माधवरावांना त्याचं काय कौतुक?

इंदू म्हणाली, मी आज संध्याकाळच्या बसनं पुढं जाते, मृदुलाची बांधाबांध करायला. तुम्ही उद्या दुपारी या. विचार चांगला आहे. गाडीतला भारही कमी होईल. तिला स्टँडवर सोडलं. वायपर चालू होता, म्हणून कंडक्टरनं वर बघितलं.

१ मे, रविवार. सकाळी.

झेंडावंदन झालं. घोषणा नाही. समितीचे अध्यक्ष म्हणाले, पंधरा ऑगस्टला शंभर टक्के. पेढे आणलेलेच होते, वाटून टाकले.

निघण्याआधी शेवटचं चेकिंग म्हणून वायपरचं बटण फिरवलं. वायपर फिरला. टक् आला नाही. परत फिरवलं. वायपरही थांबला, मध्येच, काचेच्या बरोबर मधोमध. जळका वास. मी शांत. तीन तास हातात आहेत. जोडणार.

१ मे. दुपारी.

जोडायला डॅशबोर्डखाली शिरलो होतो. डोकं आत, पाय दाराबाहेर. कुणीतरी पायाचा अंगठा ओढला. मी आतूनच ओरडलो, कोण आहे, गाडीला हात लावायचा नाही. परत ओढला. मग आवाज आला, बाबा, मी गाडीला न्हाई, तुम्हाला हात लावला.

बाहेर यायची घाई झाली, डोकं स्टिअरिंगवर आपटलं. दारात रिक्षा. मृदुला. हातात पिशवी, गालावर हसू, पोट हे एवढं. मागं इंदू, बॅगा उतरवून घेतेय. मी म्हणालो, मी निघालोच होतो तुला आणायला. मृदुला म्हणाली, हो, दिसतंय.

हकिकत अशी. दोघी पहाटेच्या पहिल्या एसटीनं निघाल्या. खिडकीची जागा. मुखेडपर्यंत वारं इतकं गार की मृदुलानं शाल घेतली. जळकोटला चहा. ऊन चढायच्या आत उदगीर. माधवराव गच्चीवर तोंडावर चादर घेऊन झोपलेले. विहीणबाई सौदामिनीबाईंनी स्वतः दोघींना स्टँडवर पोचवलं, आणि माधवराव उठल्यावर त्यांना सांगितलं की एसी गाडी पहाटेच येऊन गेली, तुम्ही घोरत होता म्हणून उठवलं नाही. इंदू मला म्हणाली, आता तुम्ही काही बोलू नका म्हंजे झालं. दोघी बायकांनी दोन दिवस आधीच फोनवर ठरवलं होतं म्हणे.

मला कुणी सांगितलं नाही. विचारलं, का नाही सांगितलं? इंदू म्हणाली, तुम्ही कामात होताव.

पोरगी आत गेली, पाळण्यावर हात फिरवला, आणि जमिनीवर फतकल मारून म्हणाली, आई, भाकरी आणि ठेचा. मला गहिवरून आलं. पुसायला काही नव्हतं म्हणून परत डॅशबोर्डखाली गेलो आणि थोडा वेळ वायरी बघत पडलो.

१ मे. संध्याकाळी.

माधवरावांचा फोन. म्हणाले, वसंतराव, मानलं तुम्हाला, पहाटेच येऊन घेऊन गेलात, शिस्त म्हणतात ती ही. एसी कसा होता? बोलायचं नाही असं ठरलं होतं. पण विचारल्यावर काय करणार? सांगितलं. मुखेडच्या अलीकडं एसी कमी करावा लागला, पोरीला शाल घ्यावी लागली, इतका गार. इंदूनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून कपाळावर हात मारला.

माधवराव खूश. म्हणाले, मग गुरुवारी मी येतो सूनबाईला बघायला. बिदरला डोळे पण दाखवायचेत. तुमच्याच गाडीनं जाऊ. दुपारी जेवून आरामात निघू, एसी असल्यावर उन्हाला काय भ्यायचं!

हो म्हणालो.

३ मे, मंगळवार.

पंखा चालू झाला. टक् नाही. वायपर काचेच्या मधोमध उभा आहे, तो बसतही नाही. उद्या नक्की.

५ मे, गुरुवार.

माधवराव आले. सुनेला बघून डोळे भरून आले त्यांचे. हट्टी आहेत, पण माणूस चांगला. खव्याच्या पोळ्या आणल्या होत्या. जेवण झालं. मृदुलानं मला बाजूला घेऊन सांगितलं, बाबा, खरं सांगून टाका, ते हसतील आणि सोडून देतील. मी म्हणालो, सांगण्यासारखं काय आहे? पंखा चालू आहे.

भर दुपारी निघालो. काचा बंद. एसी गाडीत काचा बंदच असतात, हे माधवरावांना माहीत होतं. पंख्यातून भट्टीतल्या फुटाण्यांसारखी हवा. रेल्वे फाटकापाशी त्यांनी रुमाल काढला. गाव सुटल्यावर टोपी काढली. मी विचारलं, गार लागतंय ना? ते म्हणाले, लई. मी म्हणालो, फारच गार वाटत असेल तर काच थोडी खाली करू का? ते म्हणाले, कामून? राहू द्या, मला एसीची सवय हाय. त्यांच्या घरात कूलर पण नाही.

 त्यांचा सदरा पाठीला चिकटला. माझ्या भुवयांवरून घाम डोळ्यांत गेला, रस्ते दोन दिसायला लागले. मधोमध उभ्या वायपरमुळे तसाही अर्धाच दिसत होता. ते माझ्याकडं बघायचे, मी त्यांच्याकडं. दोघंही मान हलवायचो.

कमालनगरच्या अलीकडं त्यांनी लघवीला थांबवा म्हणून सांगितलं. मीही उतरलो. बाभळीखाली उभे राहिलो. बाहेर नुसती झळ होती, पण ती अंगाला लागली आणि दोघांच्याही तोंडून एकदमच हुश्श निघालं. लघवी झाली, तरी गाडीकडं कुणी वळेना. माधवरावांनी सदऱ्याची बटणं सोडली. मी बनियनला वारा घातला. 

मग त्यांनी घसा साफ केला. म्हणाले, वसंतराव, राग मानू नका. तुमच्या एसीत काडीचा दोष न्हाई. पण मला एवढा गारठा सोसत न्हाई, सांधे धरतात. बिदरला एसटीनं गेलो तर?

मी म्हणालो, मलाही नाही सोसत.

गाडी बाभळीखाली लॉक केली आणि मागून येणाऱ्या बिदरच्या एसटीला दोघांनी हात केला.